शेवटपर्यंत

ख्रिस्ताच्या मागे निघताना उत्साह असतोच. कस लागतो तो पुढे, शरीर थकल्यावर. पंडिता रमाबाईंकडे पाहा. निराधार बायका-मुलींसाठी काढलेल्या केडगावच्या मुक्ती मिशनचा एवढा व्याप सांभाळून त्यांनी हिब्रू आणि ग्रीक भाषांचा अभ्यास केला आणि बायबल सोप्या मराठीत आणायला घेतलं. बेताचं शिकलेल्या बाईलाही ते वाचता यावं, हा एकच ध्यास! मिशनच्याच छापखान्यात बायका-मुली खिळे जुळवायच्या. बाईंना तर तरुणपणापासूनच कमी ऐकू यायचं. 1921 मध्ये एकुलती एक लेक मनोरमा गेली. केवढा हा घाव! तरीही काम सुटलं नाही. 5 एप्रिल 1922 रोजी बाई प्रभूकडे गेल्या, तेव्हा भाषांतर पूर्ण झालेलं होतं. तुमचं मन आज थकलं असेल, तरी प्रार्थनेला बसाच.