पाळू नये म्हणून दिलेला इशारा

विल्यम कॅसल या अमेरिकी दिग्दर्शकाने १९५८ साली ‘मकाब्र’ नावाचा भयपट काढला. चित्रपट बेताचाच, पण प्रत्येक प्रेक्षकाला लंडनच्या लॉइड्सच्या विम्याचे कवच होते. चित्रपट पाहताना भीतीने प्राण गेलाच, तर वारसांना हजार डॉलर! काही थिएटरांत परिचारिका उभ्या केल्या, बाहेर शववाहिका लावल्या. गर्दी लोटली. विम्याच्या अटींत मात्र मेख होती: आधीपासून हृदयविकार असलेल्याला तो लागू नव्हता. म्हणजे भीतीने ज्याच्या जिवाला खरोखर काही होऊ शकले असते, नेमका तोच वगळलेला.

पन्नास वर्षांनी, २००८ साली, रामगोपाल वर्मांनी ‘फूंक’साठी हाच डाव मांडला. रिकाम्या थिएटरात एकट्याने चित्रपट पाहून दाखवा आणि पाच लाख रुपये न्या. ‘कमकुवत हृदयाच्या व्यक्तींनी पाहू नये’ ही भयपटांच्या जाहिरातींतली ओळही त्याच कुळातली. ती वाचून लोक खरेच घरी परतू लागले, तर सगळ्यांत आधी निर्माताच हवालदिल होईल.

इशाऱ्याची पारख इथेच करता येते. तो पाळला गेला तर नुकसान कोणाचे आणि ते त्याला चालणार आहे का, एवढेच विचारावे. भारतात तंबाखूच्या पाकिटांचा ८५ टक्के भाग सचित्र इशाऱ्याने व्यापावा, हा नियम २०१६ मध्ये अमलात आला. तंबाखू उद्योग त्याविरुद्ध न्यायालयात गेला. कर्नाटक उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये नियम रद्द केला. पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली. धंद्याला खरोखर झोंबणाऱ्या इशाऱ्याशी धंदा असा भांडतो. ज्याला तो हौसेने, पदरचे पैसे घालून, ठळक अक्षरांत मिरवतो, त्या इशाऱ्याविषयी शंका घ्यावी.

भयपटापुरते हे सारे गमतीत काढता येते. प्रेक्षकालाही ते नाटक कळते; घाबरायला मिळावे म्हणूनच तर तो पैसे मोजतो. पेच पडतो तो धोका खरा आणि त्याची भाषा जाहिरातीची असते तेव्हा. अमेरिकेत ‘पाकी’ या ब्रँडची ‘वन चिप चॅलेंज’ शवपेटीच्या आकाराच्या खोक्यात येई. आत अतिजहाल मिरच्यांची पूड माखलेली एकच चिप. फक्त प्रौढांसाठी, मुलांपासून दूर ठेवा, आजार असल्यास खाऊ नका, असे खोक्यावर छापलेले होते. त्यातला शब्द न् शब्द खरा होता. पण शवपेटीवर छापलेली सूचना पोरांनी सूचना म्हणून वाचावी कशी? ‘हिंमत आहे का?’ एवढेच त्यांना ऐकू आले. सप्टेंबर २०२३ मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये ही चिप खाल्ल्यानंतर १४ वर्षांचा एक मुलगा दगावला. त्याच्या हृदयात जन्मजात दोष असल्याचे शवविच्छेदनात आढळले. कॅसलच्या विम्याने ज्याला बाजूला काढले होते, तसाच हा एक जीव. कंपनीने माल दुकानांतून परत घेतला आणि खोक्यावरच्या स्पष्ट सूचनांकडे बोट दाखवले.

विकताना जो मजकूर आव्हान होता, तोच अंगाशी आल्यावर खबरदारीची सूचना ठरला. एकाच मजकुराचे असे दोन्हीकडून पैसे वसूल करण्याची मुभा कोणालाही असू नये. ज्या इशाऱ्याच्या जोरावर माल खपवला, तो इशारा पुढे बचाव म्हणून ग्राह्य धरू नये. हा नियम झाला, तर अशा शवपेट्या छापण्याची हौस आपोआप फिटेल.