ट्रंकेतला माणूस

बारा मिनिटांची शॉर्टफिल्म आहे. कसबा पेठेतला निम्मा रिकामा झालेला वाडा, आजीचं सामान आवरायला एकटी आलेली मुलगी, माडीवर एक लोखंडी ट्रंक. मुलगी ट्रंक उघडते, जुन्या साड्या उपसते, आणि साड्यांखालून एक हात येऊन तिचं मनगट धरतो. नटीला दिलेल्या प्रतीत मात्र हा हात नाही. तिच्या प्रतीप्रमाणे ट्रंकेत फक्त एक फोटो आहे.

दिग्दर्शिका आमच्या विभागात शेवटच्या वर्षाला आहे, नटी तिचीच वर्गमैत्रीण, आणि मी दोघींना पटकथा शिकवतो. दोन्ही प्रती घेऊन ती आली होती सहीसाठी. सल्ला तिला नकोच होता. बोलणं आठवलं तसं लिहितो आहे.

ती : सर, हात माहीत असला की ती घाबरण्याचा अभिनय करणार. एकांकिकांमधून आलेली मुलगी आहे, शेवटच्या रांगेला दिसेल इतकी घाबरते. क्लोजमध्ये ते चालत नाही. मला तो अर्धा सेकंद हवाय, जेव्हा आपण काय करायचं हे चेहऱ्यालाच कळलेलं नसतं.

मी : तो अर्धा सेकंद तिचा आहे. तू तो न विचारता घेणार.

ती : प्रेक्षकाकडून तरी आपण कुठे विचारून घेतो? थ्रिलर म्हणजे माहिती दाबून ठेवण्याचाच उद्योग. ‘सायको’त जिला नायिका समजून लोक बसले, तिला हिचकॉकनं पाऊण तासात मारली. प्रेक्षकाला दचकवलं तर कला आणि नटीला दचकवलं तर अन्याय, हे कसं काय?

मी : प्रेक्षक दचकायलाच आलेला असतो. पोस्टर बघून, तिकीट काढून. त्याचं मनगट कोणी धरत नाही, आणि दार उघडं असतं.

ती : हिनंही पटकथा वाचलीय. थ्रिलर आहे हे तिला माहीत आहे.

मी : खोटी पटकथा वाचलीय. आणि ‘सायको’चं नाव काढलंस म्हणून सांगतो, न्हाणीघरातला तो प्रसंग सात दिवस चित्रित होत होता. पडद्यावर हत्या पाऊण मिनिटाच्या आसपासची. सुरी कुठून येणार हे जॅनेट लीला माहीत होतं. रक्त म्हणून चॉकलेट सिरप. चित्रपट कृष्णधवल, म्हणून खपून गेलं. १९६० पासून लोक घाबरताहेत, आणि त्यात फसवून घेतलेला दचका एकही नाही.

ती : सात दिवस, सर! मला वाडा दोन रात्री मिळालाय. हिचकॉककडे सत्तरएक कोन होते, आणि वर बर्नार्ड हरमनची व्हायोलिनं. माझ्याकडे एक कॅमेरा आणि भाड्याचे दोन लाइट. आमच्यासारख्यांना खरी भीतीच स्वस्त पडते.

हे वाक्य मला आवडलं, आणि त्याचा रागही आला. विद्यार्थ्यांच्या फिल्ममध्ये पैसे नसतात, म्हणून ती माणसांच्या जिवावर होते. लाइटवाल्याला भाडं मिळतं, नटीला पोहे मिळतात.

मी : स्वस्त तुला पडते. भरणार ती आहे.

ती : पण मग तुमच्या त्याच हिचकॉकचं काय? ‘द बर्ड्स’मध्ये टिपी हेड्रनला सांगितलं यांत्रिक पक्षी असतील, आणि अंगावर सोडले खरे. पाच दिवस.

मी : आणि शेवटी डॉक्टरांनी तिला सक्तीची विश्रांती घ्यायला लावली.

ती : प्रसंग मात्र आपण अजून बघतो.

मी : बघतो.

ती : वर्गात दाखवतोसुद्धा. ‘एलियन’चा किस्सा तर प्रत्येक बॅच ऐकते. १९७९, रिडली स्कॉट, छाती फोडून प्राणी बाहेर येतो, रक्ताची चिळकांडी व्हेरॉनिका कार्टराइटच्या तोंडावर उडते, आणि तिची किंकाळी खरी. किस्सा सांगताना सगळे खूश असतात. मग मी केलं की एकदम नीतिशास्त्र?

मी : फरक आहे. ‘एलियन’च्या नटांनी पटकथा वाचली होती. छातीतून काहीतरी बाहेर येणार हे त्यांना ठाऊक होतं. लपवलं होतं ते रक्ताचं प्रमाण. तू अख्खा माणूस लपवते आहेस.

ती : म्हणजे प्रसंग सांगायचा आणि एखादा तपशील लपवायचा, हे चालेल?

मी : चालू शकेल.

ती : बर्टोलुचीही तेच म्हणाला होता.

मी गप्प बसलो. ज्यांना संदर्भ माहीत नसेल त्यांच्यासाठी : ‘लास्ट टँगो इन पॅरिस’ १९७२ चा. बलात्काराच्या प्रसंगात लोण्याचा वापर होणार हे एकोणीस वर्षांच्या मारिया श्नायडरला आधी सांगितलं नव्हतं. नटीची नव्हे, मुलीची प्रतिक्रिया आपल्याला हवी होती, असं बर्टोलुचीनं पुढे कबूल केलं. गदारोळ झाल्यावर त्याचा खुलासा असा, की प्रसंग पटकथेत होता, तिला तो ठाऊक होता, नवीन होतं ते फक्त लोणी. श्नायडरनं मात्र आपला अपमान झाला, त्या प्रसंगात आपण रडलो ते खरं होतं, असं सांगितलं होतं. ‘फक्त तपशील लपवला’ या माझ्या बचावाचा तिथेच निकाल लागला. दिग्दर्शकाला जो तपशील वाटतो तोच समोरच्याला सगळा प्रसंग असू शकतो.

मी : बरोबर आहे. पण यानं तुझी बाजू भक्कम होत नाही, माझी पडते इतकंच.

ती : माहीत आहे. म्हणून मी वेगळं विचारते. मी तिला आजच सांगितलं, ‘या फिल्ममध्ये एका ठिकाणी मी तुला न सांगता घाबरवणार आहे, चालेल?’ ती हो म्हणाली. मग?

मी : कुठे, केव्हा, कसं, काहीच न सांगता?

ती : नाहीतर काय उपयोग?

मी : मग ती कशाला हो म्हणाली? तुझ्यावरच्या विश्वासाला. तिच्या डोळ्यांसमोर कदाचित दार आपटणं असेल. अंधारात एका मुलानं हात धरणं तिनं धरलंच नसेल.

ती : मर्यादा सांगते. इजा नाही, कपड्यांना हात नाही, पाच सेकंदांच्या वर नाही.

मी : ‘कोणी हात लावणार नाही’ हे त्यात घालशील?

ती : नाही घालू शकत. हात तर लावायचाय.

मी : मग ‘कोणीतरी हात लावेल’ असं सांग.

ती : मग ती प्रत्येक शॉटमध्ये हाताची वाट बघत बसेल.

मी : बघू दे. तुझं पात्रही रिकाम्या वाड्यात कशाची तरी वाट बघतंच आहे. तो ताण तुला दोन रात्री फुकट मिळेल.

ती : (थोडा वेळ विचार करून) हे वाईट नाही. पण सर, तुम्ही प्रश्न पटकथेकडे वळवलात. माझा प्रश्न संमतीचा होता. माणूस स्वतःच म्हणाला, ‘मला सांगू नकोस’, तर त्याचं ऐकायचं की नाही? वाढदिवसाला आपण हेच करतो ना?

मी : वाढदिवसाचं रेकॉर्डिंग फेस्टिव्हलला जात नाही.

ती : बरं. शॉट झाल्यावर मी तिला फुटेज दाखवीन. नको म्हणाली तर तिच्यासमोर डिलीट करीन.

मी : अकरा जण उभे असतील. रात्रीचे दोन वाजलेले. दुसऱ्या दिवशी लाइट परत द्यायचे. कार्डवर एकच चांगला टेक, तोही हा. आणि दिग्दर्शिका मैत्रीण. त्या वेळी ‘नको’ म्हणायला तिला काय पडेल याचा हिशेब कर. पैसे घेऊन काम करणाऱ्या नटीकडे निदान करार असतो, भांडायला संघटना असते. मैत्रिणीला भांडायचं तर मैत्रीच मोडावी लागते.

ती : तुम्ही आम्हाला फार लेचंपेचं समजता. येलमध्ये १९६१ साली मिलग्रमनं लोकांना फसवून प्रयोग केले. समोरच्याला आपण विजेचे धक्के देतोय असं वाटून ती माणसं घामाघूम झाली, धक्के खोटे होते. नंतर विचारलं तर बहुतेकांनी कळवलं की भाग घेतल्याचा आनंद आहे.

मी : फसवल्या गेलेल्या माणसाला आपण फसलो असं म्हणवत नाही. आपण काहीतरी मोलाचं केलं असं म्हणणं सोपं जातं.

ती : म्हणजे आधी हो म्हणाली तर तो विश्वास, नंतर हो म्हणाली तर ती स्वतःची समजूत. सर, तुम्ही तिचं ‘हो’ खरं कधी मानणार?

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही धड नाही. आधीची संमती अपुऱ्या माहितीवरची आणि नंतरची दडपणाखालची असं म्हणत गेलं, तर समोरच्या बाईला शेवटी तोंडच उरत नाही. तिच्या वतीनं बोलणारे तेवढे उरतात, आणि ते बहुधा माझ्यासारखे सही करणारे पुरुष असतात. मी विषय बदलला.

मी : मुळात खरी भीती लागते हे कोणी ठरवलं? कुलेशॉव्हचा प्रयोग तू पहिल्या वर्षी लिहिलायस. मोझूखिनचा एकच कोरा चेहरा. पुढे सूप जोडलं की तो भुकेला वाटतो, शवपेटी जोडली की दुःखी. भीती कापाकापीत असते.

ती : त्या प्रयोगाचं मूळ रीळच शिल्लक नाही. शंभर वर्षं आपण ऐकीव गोष्टीवर श्रद्धा ठेवून आहोत. आणि तो कोऱ्या चेहऱ्याचा प्रयोग. किंकाळीचा करून दाखवा.

मी : मग हिचकॉकनं त्रुफोला सांगितलेला टेबलाखालचा बॉम्ब घे. बॉम्ब अचानक फुटला तर पंधरा सेकंदांचा धक्का. प्रेक्षकाला तो आधी दाखवून ठेवला तर तेच रटाळ बोलणं पंधरा मिनिटं श्वास रोखून ऐकलं जातं. ट्रंक आतून हलते हे आम्हाला आधी दाखव, मुलीला दाखवू नकोस. मग तिनं नुसता कडीला हात लावला तरी पुरे. तुला तो अर्धा सेकंद लागणारच नाही.

ती : ही वेगळी फिल्म झाली. चांगली असेल, पण माझी नाही. मला प्रेक्षकाला तिच्यापेक्षा शहाणा करायचं नाहीये.

हे मान्य करावं लागलं. तिची फिल्म सुधारण्याच्या नावाखाली मी माझी फिल्म तिच्यावर लादत होतो. मास्तरांना ही सवय असतेच.

मी : वाड्यात अजून बिऱ्हाडं आहेत ना? रात्री किंकाळी आली तर पोलीस येतील.

ती : शेजाऱ्यांना सगळं सांगून ठेवलंय.

मी : ट्रंकेतल्या माणसासकट?

ती : हो.

मी : म्हणजे शेजारच्या आजींना ठाऊक आहे, आणि जिचं मनगट तिला नाही.

ती पहिल्यांदा हसली नाही.

मी : ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ आठव. बेणारे खोलीबाहेर असताना बाकीचे आपसात ठरवतात की आरोपी तीच करायची. ती परत येते तेव्हा खेळ सगळ्यांना माहीत असतो, एकटीला नाही. तेंडुलकरांनी पुढे तिच्यावर जे जे घातलं त्याची सुरुवात तिथे आहे. तुझा हात पाच सेकंदांचा असेल, तिचं दचकणं दहा मिनिटांत ओसरेल. पण नंतर तिला तालमीचे सगळे दिवस नव्यानं आठवतील. चहा देणाऱ्याला माहीत होतं, क्लॅप मारणाऱ्याला माहीत होतं, सगळे आपल्याकडे तसं बघत होते. मला भीतीची अडचण नाही. तिच्या पाठीमागे अकरा जणांनी ठरवलं, याची आहे.

ती : मग फक्त मला आणि ट्रंकेतल्याला माहीत असेल.

मी : फोकस कुठे ठेवायचा हे कॅमेऱ्यामागच्याला सांगावं लागेल. नाहीतर तो अर्धा सेकंद धूसर येईल.

ती : (हसून) खरंय. पण सर, बेणारेच्या उदाहरणात एक गडबड आहे. १९६७ साली सुलभा देशपांड्यांना सगळे संवाद पाठ होते, खेळ ठाऊक होता, तरी लोक हादरले, हेच तुम्ही आता म्हणणार.

मी : म्हणणारच होतो.

ती : त्यांना पुढचा प्रयोग करायचा होता. नटीला फसवता येतं एकदाच, दुसऱ्या दिवशी तिला ठाऊक असतं. म्हणून नाटकवाले सोवळे राहिले. सिनेमाला एकदाच पुरतं. आमची परीक्षाच वेगळी आहे.

हे मला आजवर कोणी असं सांगितलं नव्हतं. रंगभूमीची नीती आपण जन्मजात समजतो. तिच्यात निम्मा भाग निव्वळ सोयीचा असू शकतो. पण परीक्षा वेगळी, म्हणजे अवघड. पास व्हायची सवलत त्यात नाही.

मी : दोन प्रतींवर मी सही करणार नाही. हात दोन्ही प्रतींत हवा.

ती : सर, तुम्ही मला मनाई करताय की पटवताय?

मी : मनाई.

ती : मार्क तुमच्याकडे आहेत. मी आता हो म्हणाले तर ते ‘हो’ कुठल्या जातीचं?

मी : दडपणाखालचं. तरी मनाई आहे.

वाद मी जिंकलो नाही, हे वाचणाऱ्याच्या लक्षात आलंच असेल. सही माझ्या हातात होती, ती मी वापरली, आणि पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा वापरीन. शूटिंग शनिवारी रात्री नऊला आहे. ट्रंकेत कोण बसणार, हात कधी येणार आणि कुठे धरणार हे नटीला शुक्रवारच्या तालमीत सांगायचं, असं तिनं माझ्यासमोर कॉलशीटवर लिहिलं. खाली तिनं स्वतःहून एक ओळ वाढवली : शॉट जमला नाही तर जबाबदारी मार्गदर्शकांची. त्या ओळीखालीही मी सही केली.