असाध्य म्हणजे काय?

मज्जारज्जु तुटली कीं तिच्याखालचें चलनवलन व संवेदना जातात, आणि तिचे तंतु त्वचेप्रमाणें आपोआप सांधत नाहींत. वैद्यकानें अशा रोग्यास फार पूर्वींपासून असाध्य ठरविलें, तें खोटें होतें असें आम्ही म्हणत नाहीं. तुटलेली रज्जु पूर्ववत् करणारा उपाय आजही नाहीं. आमचा प्रश्न इतकाच, कीं व्याधि असाध्य ठरली म्हणजे रोग्याविषयींचें कर्तव्यही संपलें काय?

इंग्लंडांत स्टोक मँडेव्हिल येथें १९४४ सालीं डॉ. लुडविग गुटमन यांनीं अशा जायबंदी सैनिकांचा विभाग हातीं घेतला. हे रोगी बहुधा मरत ते शय्याव्रणांनीं आणि मूत्रमार्गाच्या संसर्गानें. गुटमन यांनीं दर दोन तासांनीं, रात्रींसुद्धां, प्रत्येकाची कूस बदलावयास लाविली. यांत विद्वत्तेपेक्षां चिकाटीच अधिक. रज्जु तुटलेलीच राहिली, माणसें जगलीं. २९ जुलै १९४८ रोजीं तेथेंच १६ जणांनीं चाकांच्या खुर्चीवरून तिरंदाजीचा सामना केला. तोंवर ज्यास दैव म्हणत, त्यांत हयगयीचा वांटा केवढा होता! चालतांच येणार नसेल तर हा खटाटोप कशाला, असें विचारणारा गृहस्थ बहुधा स्वतःच्या पायांवर उभा असतो.

असाध्यतेची सीमाही स्थिर नाहीं. १९८१ सालीं माँट्रियल येथें सॅम्युएल डेव्हिड व आल्बर्ट अग्वायो यांनीं उंदरांच्या मेंदूच्या बुंध्यापासून रज्जूपर्यंत पायाच्या मज्जातंतूचा तुकडा जोडला, तों मध्यवर्ती तंतु त्यांतून वाढले. वाढण्याची शक्ति होती. अडथळा बराचसा भोंवतालचा होता. मात्र उंदरांतील ही वाढ म्हणजे माणसाचें चालणें नव्हे. रोग्यास ही वार्ता सांगणाऱ्यानें हें दुसरें वाक्यही त्याच बैठकींत सांगावें. पहिलेंच सांगून उठणें आम्हांस क्रौर्य वाटतें.