ट्रॉलीच्या दांडीवर बसून

साखर कारखान्याचा बॉयलर पेटला की सवड मिळायची नाही. म्हणून आजची संध्याकाळ घ्या. जुना ट्रॅक्टर अंगणात उभा आहे, मागं दोनचाकी ट्रॉली जोडलेली आहे. इंजिन बंद करून चावी खिशात ठेवा आणि ट्रॉलीच्या दांडीवर बसा. तापलेलं लोखंड निवताना टिकटिक करतं. ती थांबेपर्यंत काहीच करू नका.

इतकी वर्षं आपण एकच विचारत आलो, ओढेल का? ओढतो. जुनं इंजिनसुद्धा पहिल्या गिअरमध्ये भरलेली ट्रॉली फडातून बाहेर काढतं. आज दुसरा प्रश्न मनात धरा. थांबेल का?

रोजच्या वाटेवरचा उतार आठवा. मागचा ऊस ट्रॅक्टरपेक्षा कितीतरी जड आणि ट्रॉलीला बहुतेक वेळा स्वतःचा ब्रेक नसतो. आपण ब्रेक दाबतो तेव्हा तो ऊस थांबत नाही, दांडीतून आपल्याला ढकलतो. वळणावर ढकललं तर ट्रॅक्टर आडवाच फिरतो. ताशी 15 चा वेग 30 केला, तर थांबवायची ताकद दुप्पट नाही, चौपट लागते. म्हणून ज्या गिअरमध्ये तो चढ चढता, त्याच गिअरमध्ये उतरा. न्यूट्रल कधीच नको.

आता उठा आणि वाकून ब्रेकची पेडलं पाहा. शेतात जागच्या जागी वळायला डावं-उजवं वेगवेगळं दाबावं लागतं, म्हणून ती दोन आहेत. त्यांना जोडणारी छोटी कडी नांगरटीच्या वेळी काढलेली असते आणि रस्त्यावर येताना तशीच राहून जाते. घाईत पाय एकाच पेडलवर पडला, की भरली गाडी त्या बाजूला फेकली जाते. कडी लावा. 'खट्' आवाज येऊ द्या.

मग हुकाची पिन. ट्रॉलीच्या चाकांना दगड लावून ती बाहेर काढा, फडक्यानं ग्रीस पुसा, अंगठा वरून खाली सावकाश फिरवा. मधोमध अंगठा आत गेला? दांडीच्या कड्यानं हंगामामागून हंगाम घासून तिथं खाच पाडली आहे. अख्खा ऊस याच जागेवर लोंबकळतो. नवी पिन आणा. खालून क्लिप घाला, तारेचा तुकडा नको. शेजारून साखळीही अडकवा.

टायरच्या कडेला चार आकडे असतात. 2316 म्हणजे टायर 2016 सालच्या 23व्या आठवड्यात बनला. नक्षी शाबूत दिसली तरी रबर म्हातारं होतं.

आता डोळे मिटून मोळ्या रचा. मागं जास्त रचल्या तर दांडी हुकाला वर उचलू पाहते, ट्रॅक्टरची मागची चाकं पकड सोडतात, ट्रॉली डुलू लागते. पुढं फार झाल्या तर स्टिअरिंग हाताला हलकं लागतं. पुढची चाकं टेकलेली असतात, पण वळवत नाहीत. भार आसाच्या किंचित पुढं हवा. हे मुकादमाला शांतपणे, पहिल्याच खेपेला सांगा.

अंधार पडला असेल. बॅटरी घ्या आणि ट्रॉलीच्या मागं पन्नास पावलं चालत जा. मोटारसायकलवरून घरी निघालेल्या पोराच्या डोळ्यांच्या उंचीवर बॅटरी धरा. वाढ्यांनी झाकला नसेल, चिखलानं माखला नसेल, तर रिफ्लेक्टर लाल चमकेल. तो चमकला का?