शिंपला साडी नेसतो तेव्हा

भ्रम कसा होतो, हा भारतीय दर्शनांतला जुना वाद. त्यातले उदाहरणही ठरलेले: उन्हात चमकणारा शिंपला चांदी वाटतो. नैयायिकांच्या मते एक वस्तू दुसरीच म्हणून दिसते; ही अन्यथाख्याती. प्राभाकर मीमांसक खोटे ज्ञान मुळी मानतच नाहीत. ‘हे’ डोळ्यांना दिसते, ‘चांदी’ आठवते, दोहोंतला भेद तेवढा ध्यानात येत नाही. अद्वैती त्या चांदीला सत्‌ही म्हणत नाहीत आणि असत्‌ही.

सचिन पिळगावकर दिग्दर्शित ‘अशी ही बनवाबनवी’ (१९८८) या वादात वेगळीच अडचण उभी करतो. पुण्यात चौघांना बिऱ्हाड हवे असते आणि लीलाबाई काळभोर विवाहितांनाच जागा देणार असतात. मग परशुराम धनंजय मानेची बायको पार्वती होतो, सुधीर शंतनूची बायको सुधा. मूळ कल्पना हृषीकेश मुखर्जींच्या ‘बीवी और मकान’ची (१९६६), पण भाडेकरूला अटी घालणारा घरमालक पुण्यात आयात करावा लागत नाही. शिंपल्याला चांदी दिसण्याची हौस नसते. पार्वतीला मात्र बाई दिसायचेच असते. शास्त्रकारांनी भ्रमाचा विषय निरागस धरला, तो इथे भ्रमात सामील आहे.

लीलाबाईंच्या चुकीला प्राभाकरांचे उत्तर बरेच लागू पडते. साडी दिसते, उरलेली गृहिणी स्मृती पुरवते. नैयायिकांची कसोटी मात्र लंगडी पडते. ज्ञानाचा खरेखोटेपणा ते व्यवहाराच्या यशावर ठरवतात आणि इथे तर व्यवहार बरेच दिवस सुरळीत चालतो. विद्यारण्यांनी ‘पंचदशी’त फळ देणाऱ्या भ्रमाला संवादी म्हटले आहे: रत्नाच्या प्रभेलाच रत्न समजून धावणाऱ्याच्या हाती रत्न लागते. तो दाखलाही इथे चालत नाही. लीलाबाईंना हवी ती जोडपी मिळालेलीच नसतात, ती मिळाली नाहीत एवढेच त्यांना ठाऊक नसते.

भ्रमाचा विषयच भ्रमात सामील असण्याचा हा प्रश्न पेशवाईत विनोदाबाहेर गेला. १७६१ मध्ये पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले, पण त्यांच्या पत्नी पार्वतीबाईंनी वैधव्य मानले नाही. पुढे एक इसम आपणच भाऊ म्हणून उभा राहिला आणि १७७६ मध्ये त्याचे बंड कोकणात पसरले. तोंडवळ्यापेक्षा लोकांची आशा त्याला अधिक उपयोगी पडली असणार. पुण्यातल्या चौकशीत तो सुखनिधान नावाचा कनोजी ब्राह्मण ठरला आणि त्याच वर्षी त्याला देहदंड झाला.