सहभाग कशात?

ऑगस्ट १९८४ मध्ये याच बंगळूर शहरी, देवकी जैन यांच्या पुढाकाराने, आशिया, आफ्रिका व लॅटिन अमेरिकेतील काही विदुषी एकत्र जमल्या. पुढील वर्षी नैरोबीस संयुक्त राष्ट्रांची महिला परिषद भरावयाची होती. १९७५ च्या मेक्सिको परिषदेपासून स्त्रियांना विकासात सामावून घेण्याचा घोष चालला होता. या विदुषींनी प्रश्नच फिरविला: ज्या विकासाची दिशा इतरांनी ठरविली, त्यात वाटा मिळणे म्हणजे समता काय? पहाट अशा अर्थाचे 'डॉन' हे नाव घेतलेला त्यांचा गट या बैठकीतूनच उभा राहिला.

हा आक्षेप मला मूलगामी वाटतो. स्त्री विकासाबाहेर होतीच कधी? पाणी, सरपण, मुलांचे संगोपन हे सारे तिनेच वाहिले. परंतु केवळ घरकाम करणारी स्त्री जनगणनेत 'काम न करणारी' म्हणून नोंदली जाते. (तक्ते आम्ही कारकून भरतो, रकाने आखणारे निराळे.) अशा स्त्रीला 'सामावून घेण्याची' भाषा किंचित उद्धटच नव्हे काय?

आधी आत जागा मिळावी, मग दिशा बदलता येईल, असे यावर कोणी म्हणेल. कर्नाटकाने १९८७ च्या जिल्हा परिषद व मंडल पंचायत निवडणुकांत स्त्रियांसाठी २५ टक्के जागा राखल्या, तेव्हा हाच विचार होता, आणि तो वजनदार आहे. तथापि त्या सदस्येपुढे येणारी विषयपत्रिका कोण लिहितो, हे विचारल्यावाचून मला राहवत नाही.