भिंतीवरचा कागद

घरात लग्न ठरले की डागडुजी निघते, आणि डागडुजी निघाली की आतल्या खोलीच्या भिंतीचा प्रश्न पुढे येतो. नव्या जोडप्याला ती खोली द्यायची असते. भिंतीवर मात्र तीस-चाळीस वर्षांचे कागद बसलेले असतात. ते खरवडून काढायचे की त्यांच्यावरच नवे काही चढवायचे, यावरून घरात बोलाचाली होते. वरवर पाहता हा वाद मजुरीचा आणि रंगाच्या डब्यांचा आहे. मला तो नीतीचाही वाटतो. आपल्या आधीच्यांनी जे लावले ते काढण्याचा आपल्याला अधिकार किती, आणि तो वापरायचा कसा?

मिरजगावसारख्या गावाचे उदाहरण घेऊ. कर्जत तालुक्यातले, नगर-सोलापूर रस्त्यावरचे हे गाव पर्जन्यछायेच्या पट्ट्यात येते. या भागातली जुनी घरे दगडमातीची, वर धाबे, आतून मातीचा गिलावा आणि त्यावर पांढऱ्या मातीचा किंवा चुन्याचा हात. शहरातल्या बंगल्यांतला छापील वॉलपेपर इथे कुणी आणला नाही. पण गरिबाघरचा वॉलपेपर होताच. पोपडे सुटून माती अंथरुणावर पडू लागली की घरातली बाई गव्हाच्या पिठाची खळ शिजवायची, कसर लागू नये म्हणून तिच्यात चिमूटभर मोरचूद टाकायची आणि रद्दीतले वर्तमानपत्र भिंतीला चिकटवायची. त्यावर पुढे मक्का-मदिनेचे चित्र आले, आयतुल कुर्सीचा तक्ता आला, 1973 पासून निघू लागलेल्या कालनिर्णयाची पाने आली. हा शौक नव्हता. झोपलेल्या लेकराच्या डोळ्यांत माती जाऊ नये, एवढाच हेतू होता.

आता त्या लेकरांची लेकरे लग्नाला आली आहेत. त्यांना पुट्टी हवी, गुळगुळीत भिंत हवी, नाहीतर बाजारात मिळणारा विटांच्या चित्राचा चिकट प्लास्टिक कागद हवा. त्यात गैर काहीच नाही. ज्यांना त्या खोलीत आयुष्य काढायचे आहे त्यांना ती आपली वाटली पाहिजे. पण म्हातारी म्हणते, "रहने दो, तुम्हारे दादा के हातां के हैं." सून गप्प होते, मुलगा चिडतो. दोघांच्याही बाजूने न्याय आहे, म्हणून हा वाद सोपा नाही.

यातून सुटण्याचा एक सोपा मार्ग नेहमी निघतो. कुणालाच दुखवायचे नाही, काही काढायचे नाही, वरूनच नवे चढवायचे. बहुतेक घरांत मधल्या पिढीने हेच केलेले असते. कागदावरच ऑइलपेंटचा हात मारलेला असतो. भिंत चकचकीत दिसली, वाद मिटला. पण मातीच्या भिंतीला ओल बाहेर टाकावी लागते. तेलाच्या रंगाने तिची वाट बंद होते, ओल आतल्या आत राहते, तळाशी लोणा फुटतो, कागद फुगतो आणि बुरशी धरते. आणखी एक गोष्ट होते, आणि मला ती फार बोलकी वाटते. आजीची खळ पाण्याने सुटणारी असते. कागद ओला केला की तासाभरात ती मऊ पडते. पण वर तेलाचा थर असला की पाणी आत शिरतच नाही. म्हणजे कागद हट्टी झाला तो आजीमुळे नव्हे. जुने न काढता, त्याकडे न पाहता, ज्यांनी ते नुसते झाकले त्यांच्यामुळे तो हट्टी झाला.

आपल्याच मुलखात याचे मोठे उदाहरण आहे. अजिंठ्याच्या लेण्यांतली चित्रे वाचवण्यासाठी निजामाच्या हैदराबाद संस्थानाने 1920 च्या सुमारास लोरेंझो सेक्कोनी आणि काउंट ओर्सिनी या दोन इटालियन तज्ज्ञांना बोलावले. पुरातत्त्व खात्याचे प्रमुख होते गुलाम यजदानी. त्यांनी पुढे अजिंठ्यावर जे ग्रंथ सिद्ध केले, ते आजही अभ्यासक उघडतात. हेतू शुद्ध होता, माणसे जाणती होती. सुटू लागलेला गिलावा त्यांनी पुन्हा बसवला, आणि चित्रांवर संरक्षणासाठी लाखेचे रोगण दिले. काही दशकांत ते रोगण पिवळे पडले आणि खालचे रंग त्याआड गेले. नंतरच्या रसायनतज्ज्ञांना ते इंचाइंचाने उतरवत बसावे लागले. दोष काढण्यासाठी हे सांगत नाही. त्यांच्यामुळे पुष्कळ काही वाचलेही. पण प्रेमापोटी चढवलेला थरसुद्धा पुढच्या माणसाची नजर अडवू शकतो, हे त्यातून दिसते.

मग दुसरे टोक येते: सगळे खरवडून टाका. यात तरुणपणाचा आवेश आहे, आणि जुन्याचा राग असेल तर सूडाचे थोडे समाधानही. पण कोरड्या भिंतीवर पत्रा चालवला की कागदाबरोबर गिलावाही येतो आणि शेवटी हातात भोके पडलेली भिंत राहते. जुन्या तेलाच्या रंगांत शिसे असायचे. घरगुती रंगातल्या शिशावर आपल्याकडे दहा लाख भागांत 90 भागांची सक्त मर्यादा आली ती 2017 च्या नोव्हेंबरपासून. त्याआधीचा रंग कोरडा घासला तर धूळ त्याच लेकरांच्या पोटात जाते, ज्यांच्यासाठी खोली सजवायची आहे.

जाणता रंगारी काय करतो? आधी वरच्या तेलाच्या थराला बारीक चरे पाडतो, म्हणजे पाण्याला वाट मिळते. मग कोमट पाण्याने भिंत हाताहाताएवढी भिजवतो आणि थांबतो. पुन्हा भिजवतो. कागद कडेने सुटू लागला की बोथट उलथण्याने, भिंतीला समांतर धरून, अलगद उचलतो. यातले अर्धे काम थांबण्याचे आहे. आपण सब्र हा शब्द दुःखाच्या प्रसंगी वापरतो. इथे सब्र हे कामाचे हत्यार आहे.

आणि सुटलेल्या कागदाचे काय? त्यावर आयत असते, अल्लाहचे नाव असते. कित्येक घरांत कागद काढण्याची भीती वाटते ती यासाठीच: बेअदबी होईल. परंतु आपल्या परंपरेने अदब म्हणजे चिकटवून ठेवणे असे कधी म्हटले नाही. हजरत उस्मान (रजि.) यांनी कुरआनच्या प्रमाण प्रती तयार करवून घेतल्या, तेव्हा इतर लिखाणे जाळायला सांगितली. जीर्ण पाने स्वच्छ कापडात गुंडाळून, जिथे पाय पडणार नाही अशा जागी पुरावीत, असे हनफी आलिम सांगत आले. काही जण ती वाहत्या पाण्यात सोडतात. आपल्याकडे जेव्हा मोठा दुष्काळ पडला होता त्याच 1972 साली, येमेनमधल्या सना शहराच्या मोठ्या मशिदीची दुरुस्ती चालू असताना छताजवळच्या पोकळीत जुन्या कुरआन-प्रतींचे हजारो तुकडे सापडले. कुणीतरी ते वापरातून काढले होते, पण फेकले नव्हते. त्यातल्या काही चर्मपत्रांवर तर आधीचा मजकूर पुसून त्यावरच पुन्हा कुरआन लिहिलेले होते. ज्यांनी ते मागे ठेवले त्यांना त्या पानांचा वापर संपलेला दिसत होता, तरी हात अदबीने चालला. काढणे आणि अपमान करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यांना कळत होते.

हे भिंतीपुरते नाही. घराण्याच्या रूढी, लग्नातले रिवाज, देण्याघेण्याच्या पद्धती, बाईने कुठे बसावे नि काय बोलावे याचे नियम, हे सगळे कुणीतरी कधीतरी कशासाठी तरी लावलेले कागद आहेत. काहींनी खरोखर माती अडवली. काहींचे काम केव्हाच संपले आहे आणि आता त्यांच्यामागे ओल साचते. अडचण अशी, की बरीच वर्षे चिकटून राहिलेला कागद भिंतच वाटू लागतो. त्याला हात लावला की लोक म्हणतात, घर पाडताय. उलट बाजूला असेही लोक आहेत, ज्यांना भिंतसुद्धा कागदच वाटते.

म्हणून मला वाटते, म्हातारीला आधी विचारावे. परवानगी मागायची म्हणून नव्हे. कागद कधी लावला, का लावला, खाली काय आहे, हे तिलाच ठाऊक असते म्हणून. असे विचारले गेले की बहुधा तीच म्हणेल, "निकालो बाबा, पन पैले वो मक्का-मदिना संभाल के उतारो." ज्याचे श्रम ओळखले जातात त्याला ते उतरवले जाण्याचे तितके दुःख होत नाही. मात्र तिने नाहीच म्हटले, तरी त्या खोलीत ज्यांना श्वास घ्यायचा आहे त्यांचा हक्क मोठा राहतो. ओल धरलेल्या भिंतीखाली नवी सून आणि उद्याचे बाळ झोपवणे हा वडीलधाऱ्यांचा मान नव्हे.

आणि नवे लावताना एक विचार आपल्यासाठीही ठेवावा. आपण आज जे हौसेने चिकटवतो आहोत, तेही कुणाला तरी एक दिवस काढावे लागणार आहे. आजीला हे माहीत होते की नाही, कोण जाणे. पण तिची खळ पाण्याने सुटत होती.